चार वाक्यांचा नट

मारोतराव पराते वारले तेव्हा इथल्या एका वर्तमानपत्रात आतल्या पानावर छोटीशी बातमी आली. 'ज्येष्ठ चित्रपट व टीव्ही कलावंत' असं त्यांना म्हटलं होतं. मला आधी हसू आलं आणि मग राग आला. ज्येष्ठ काय, कनिष्ठ म्हणूनही त्यांना कोणी कधी विचारलं नव्हतं. वीस-बावीस वर्षं हा माणूस हिंदी-मराठी सिनेमांत उभा राहिला. कधी लग्नातला वऱ्हाडी, कधी पारावरचा गावकरी, कधी कोर्टातल्या बाकावरचा, कधी तिरडीच्या मागचा. त्यांतल्या एकाही सिनेमात त्यांचा आवाज नाही. बातमी लिहिणाऱ्याला हे ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. मला ठाऊक आहे, कारण तो आवाज त्यांच्या बायकोच्या खालोखाल मीच ऐकला असेन.

साठ सालच्या सुमारास मी वर्ध्याहून नागपूरला मास्तरीण होऊन आले. शाळा कोष्ट्यांच्या वस्तीत होती, म्हणून खोलीही तिथंच घेतली. गल्लीत समोरासमोर वीस-पंचवीस घरं आणि जवळजवळ प्रत्येक घरात खड्ड्याचा माग. विणणारा जमिनीवर बसायचा आणि पाय खाली खड्ड्यात, पावड्यांवर. डावी पावडी दाबली की अर्धे धागे वर उचलायचे आणि धोटा इकडून तिकडं जायचा, उजवी दाबली की परत यायचा. पहिले आठ दिवस त्या खटखटीनं मला झोप येईना. मग एका लग्नासाठी सगळी गल्ली बंद राहिली, तर त्या शांततेनं पहाटे जाग आली.

माझ्या खिडकीच्या बरोब्बर समोर परात्यांचा माग होता. मागावर मारोतराव आणि शेजारी चटईवर त्यांचे वडील विठोबाजी. बारीक सुताची लुगडी विणण्यात विठोबाजींचा जन्म गेला आणि मग काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. पण म्हातारा कानानं गल्ली चालवायचा. चपलेच्या आवाजावरून कोण चाललंय ते सांगायचा. कोणाचा माग ढिला झालाय ते आपल्या चटईवरून ओळखायचा आणि तिथूनच ओरडायचा. पोरं आवाज बदलून त्याला फसवायला बघायची, एकालाही ते जमलं नाही. "डोये गेले तं गेले," तो म्हणायचा, "त्याहीनं मले लय फसवलं. कान फसवत नाही." ही त्याची बढाई नव्हती. त्याच्यापाशी जगाचा तेवढाच पुरावा उरला होता.

मारोतराव तेव्हा तिशी ओलांडलेले. उंच, लांब चेहऱ्याचे, खोल डोळ्यांचे. हा माणूस आत्ताच कुठलीतरी वाईट बातमी ऐकून आलाय असं त्यांच्याकडं पाहून वाटायचं. प्रत्यक्षात ते थट्टेखोर होते. महाल भागातल्या एका वकीलसाहेबांनी हौशी नाटक मंडळी काढली होती, तिच्यात ते काम करत. बायका मिळत नाहीत म्हणून वकीलसाहेबांनी मलाही ओढलं. पहिल्याच तालमीत कळलं की माझा आवाज तिसऱ्या रांगेच्या पुढं जात नाही. मग माझ्या हातात पुस्तक दिलं आणि मला विंगेत उभं केलं. तेव्हापासून चौदा-पंधरा वर्षं मी त्या मंडळीची प्रॉम्प्टर होते. तिसऱ्या रांगेपर्यंतचा आवाज या कामाला अगदी नेमका पुरतो.

मारोतरावांना वाचता यायचं, पण वाचून पाठ होत नसे. त्यांची पद्धत वेगळीच. रविवारी सकाळी ते मला हाक मारायचे, "बाई, पुस्तक घेऊन या जी. मी बसून राहिलो." ते मागावर बसत, मी उंबऱ्यावर. मी अर्धं वाक्य वाचायचं, ते डावी पावडी दाबून म्हणायचे. मी उरलेलं वाचायचं, ते उजवी दाबून पुरं करायचे. दुपारपर्यंत एक वीत लुगडं आणि एक अंक तयार व्हायचा. आणि एकदा असा पाठ झालेला अंक सहा महिन्यांनी विचारला तरी एक शब्द इकडचा तिकडं होत नसे. विठोबाजी ऐकत बसलेले असत. मधेच म्हणत, "मारोत्या, राजाचं बोलणं चांगलं हाय, पण काठाचा धागा सुटला तुहा."

या पद्धतीत एक गोम होती आणि ती आमच्या फार उशिरा लक्षात आली. शब्द त्यांच्या डोक्यात नव्हतेच, पायात होते. रंगमंचावर उभं राहून बोलताना त्यांचा डावा पाय दबायचा, मग उजवा, मग डावा. राजा असो, संन्यासी असो, पाय मागावरच. वकीलसाहेबांनी आधी रागावून पाहिलं, मग रंगमंचावर जाड सतरंजी घातली आणि सोडून दिलं. प्रेक्षकांना ती लकब वाटायची. काही जण तर त्याची तारीफ करत, म्हणत की काय ठेका आहे बोलण्यात.

एका नाटकात मात्र त्यांना तिसऱ्या अंकात मरायचं होतं. खाटेवर पडून, मुलांना जवळ बोलावून लांबलचक निरोप घ्यायचा होता. तालमीत खाट नव्हती, बाकावर बसून केलं होतं. प्रयोगात ते खाटेवर आडवे झाले, अंगावर पांघरूण आलं आणि त्यांचा आवाज बंद. मी विंगेतून पहिलं वाक्य दिलं. काही नाही. दुसऱ्यांदा दिलं, तिसऱ्यांदा दिलं, शेवटी माझा तिसऱ्या रांगेपर्यंतचा आवाज तिसऱ्या रांगेनं ऐकला. मग मारोतरावांनी पांघरुणाखाली पाय हलवायला सुरुवात केली आणि शब्द धो धो आले. काय सुंदर बोलले ते. पण मरणाऱ्या माणसाच्या अंगावरची चादर डावी-उजवी उडत होती. मागच्या बाकांवरून कोणीतरी म्हणालं, "बुढा सायकलनं चालला गा वर." थिएटर कोसळलं. मारोतराव पडदा पडल्यावर स्वतःही पोट धरून हसले. मलाही तेव्हा ते हसण्यासारखंच वाटलं होतं.

त्याच सुमारास मुंबईच्या एका सिनेमा कंपनीचा माणूस नाटकं पाहायला म्हणून नागपुरात आला होता. त्याला मारोतरावांचा चेहरा आवडला. पाय त्यानं पाहिले नसावेत. महिन्याभरात बोलावणं आलं. एका हिंदी सिनेमात गावकऱ्यांच्या गर्दीत पुढच्या रांगेत उभं राहायचं होतं. मारोतराव मागावरून उठले, पेटीत दोन धोतरं घातली आणि निघाले.

विठोबाजींना ते मुळीच पसंत नव्हतं. माग बंद ठेवून कोणी मुंबईला जातं आणि तिथं उभं राहतं, हे त्यांच्या डोक्यातच शिरेना. नाटक ठीक होतं. नाटक रात्रीचं असतं आणि सकाळी माणूस मागावर असतो. दोघांचं भांडण मी माझ्या खिडकीतून ऐकलं. सगळ्या गल्लीनंच ऐकलं.

"उभं राहाले मुंबईले काहून लागते?" म्हातारा म्हणाला. "इथं उभा राह्य."

"बा, सिनेमा हाय तो. सारी दुनिया पाहीन मले."

"दुनिया पाहीन. मी काय पाहू?"

मग म्हातारा खालच्या आवाजात म्हणाला, "एक काम कर. सिनेमात बोल. तुहा आवाज माह्या कानावर पडू दे. मंग मी मानतो का तू तिकडे कामाले जाते. तवापर्यंत मी काही मानत नाही."

ही अट घालताना म्हाताऱ्याच्या मनात खोच नव्हती असं मला आजही वाटतं. उलट त्यानं पोरासाठी एक दार उघडं ठेवलं होतं. मारोतरावांनीही ती अट हसत घेतली. आज ना उद्या बोलायला मिळेलच, त्यात काय एवढं. बोलणं हाच तर त्यांचा हुन्नर होता.

पण वर्षामागून वर्षं गेली आणि त्यांना बोलायला मिळेना. सिनेमा सीताबर्डीच्या टॉकीजला लागला की गल्ली जायची, मारोतराव दिसले की शिट्ट्या मारायची आणि घरी येऊन म्हाताऱ्याला सांगायची, "बाजी, आला होता नं मारोती. ह्या येवढा मोठा दिसला."

"बोलला काय?"

"बोलला नाही. उभा होता."

"मंग मारोतीच होता हे तुमी कशावरून सांगता?"

डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट कानानं जगणाऱ्या माणसाला कशी पटवायची? मी मास्तरीण, चाळीस पोरांना भागाकार शिकवलेला, पण मलाही ते जमलं नाही.

आणि मग ती चार वाक्यं आली. एक मराठी सिनेमा होता. त्यात गिरणीमालकाच्या दारात उभा राहून एक म्हातारा बाप आपल्या पोराची रदबदली करतो. मारोतराव चाळिशीतच होते, पण केस पांढरे केले की बाप शोभत. वाक्यं त्यांनी कागदावर उतरवून आणली आणि मला दिली. आजही मला ती पाठ आहेत. "मालक, तीस वर्षं मी तुमच्या दारात उभा आहे. कधी काही मागितलं नाही. आज मागतो. माझ्या पोराला घरी येऊ द्या." त्या रविवारी आम्ही ती पन्नास वेळा तरी म्हटली असतील. विठोबाजी चटईवर बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "हे चांगलं हाय. हे ऐकाले येतो मी."

शूटिंगची हकिकत मारोतरावांनी मला परत आल्यावर सांगितली, तीही अर्धी लपवून. सेटवरचा वाडा फळ्यांचा होता, जमीनही फळ्यांची. हे बोलायला लागले आणि आवाजाची मशीन सांभाळणाऱ्या माणसानं कानावरचं यंत्र काढून विचारलं, "कौन ठोक रहा है?" कोणीच ठोकत नव्हतं. पुन्हा घेतलं, पुन्हा ठकठक. शेवटी कोणाला तरी पाय दिसले. दिग्दर्शक म्हणाला, पाय हलवायचे नाहीत. मारोतराव पाय आवळून उभे राहिले आणि पहिल्याच वाक्यात अडकले. पायांखाली भुशाचं पोतं घातलं, तर त्यात पाय रुतून ठेका सापडेना. मालकाचं काम करणारा मोठा नट खुर्चीत बसून घड्याळ बघत होता. मग दिग्दर्शकानं मार्ग काढला. कॅमेरा छातीपर्यंतच ठेवला आणि म्हणाला, हलव पाय, आवाजाचं आम्ही पाहून घेऊ. त्याबरोबर चारी वाक्यं एका दमात आली. सेटवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांचं त्यांनी मला दोनदा सांगितलं. 'आवाजाचं पाहून घेऊ' म्हणजे काय, हे त्यांनी विचारलं नव्हतं. ठकठक तेवढी पुसून टाकतील, अशी त्यांची समजूत होती.

सिनेमा सीताबर्डीला लागला तेव्हा गल्लीनं त्या दिवशी माग बंद ठेवले. कोष्ट्याच्या गल्लीत हे मयतीला आणि लग्नाला होतं, तिसऱ्या कशाला नाही. दुपारचा खेळ. विठोबाजींनी धुतलेलं धोतर आणि काळी टोपी घातली होती. मारोतरावांची बायको गिरजा त्यांचा हात धरून होती. मी त्यांच्या दुसऱ्या बाजूला बसले, पडद्यावर काय चाललंय ते हळू आवाजात सांगायला. तेच माझं काम होतं. मारोतराव टोकाच्या खुर्चीवर, अंगात नवा सदरा.

मध्यंतरानंतर मालकाचा वाडा आला. मी विठोबाजींच्या कानात म्हटलं, "आता मारोतराव आले दारात." म्हाताऱ्यानं मान थोडी तिरकी केली, तो ऐकायचा तशी. पडद्यावर मारोतरावांचं तोंड उघडलं आणि दुसऱ्याच कोणाचा आवाज आला. घुमारदार, गोल, मुंबईचा. "मालक, तीस वर्षं मी तुमच्या दारात उभा आहे."

मी मारोतरावांकडं पाहिलं. ते पडद्याकडं बघत होते आणि त्यांचे ओठ ती वाक्यं आवाज न करता म्हणत होते, जणू तसं केलं तर अजूनही काही होईल.

चार वाक्यं संपली. गल्लीनं शिट्ट्या मारल्या, टाळ्या वाजवल्या. विठोबाजींनी गिरजाला विचारलं, "आला का वं?"

"आला नं, मामाजी. त्येच तं बोलले आता."

"हे?"

"हो, मामाजी."

म्हातारा अगदी सहज म्हणाला, "हा मारोती नाही."

उरलेला सिनेमा त्यांनी शांतपणे ऐकला. परत येताना आम्ही तिघं रिक्षानं आलो. मारोतराव सीताबर्डीहून चालत आले.

दुसऱ्या दिवशी ते वडिलांपुढं बसले आणि त्यांनी सगळं समजावलं. सिनेमात चेहरा एकाचा घेतात, आवाज नंतर दुसऱ्याचा घालतात, मलाही कोणी सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "एकाच्या तोंडात दुसऱ्याचा आवाज कसा घालन कोणी?"

"घालतात बा. मशीन राह्यते."

"मारोत्या, मी आंधया हाय. येडा नाही."

पालथ्या घड्यावर पाणी. गल्लीतले एकेक जण येऊन शपथा घेऊन गेले, त्यानं उलटंच झालं. म्हाताऱ्याची खात्री पटली की आंधळ्याचं मन राखायला सगळ्या गल्लीनं मिळून एक खोटं रचलंय आणि त्या खोट्याच्या मुळाशी त्याचा स्वतःचा पोरगा आहे. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो चिडला नाही, पोराबद्दल त्याला वाईट वाटायला लागलं. कोणी पाहुणा आला की सांगायचा, "हा माहा मारोती. मुंबईले जाते. काय करते ते सांगत नाही." मारोतराव तिथंच बसलेले असत. पहिल्यांदा मी मधे बोलायला गेले तर त्यांनी मला मान हलवून थांबवलं.

तिथून पुढं या माणसाला एकच ध्यास लागला. आपल्या आवाजात, सिनेमात, एकदा. प्रत्येक दिग्दर्शकाला ते विचारायचे की आवाज माझाच ठेवाल का. गर्दीतला नट असं विचारायला लागला की लोकांना तो जड होतो. कामं कमी झाली. मग मुंबईला पत्रं लिहायची जबाबदारी माझ्यावर आली, हिंदी माझं बरं म्हणून. मी सभ्य भाषेत लिहायची की आवाज उत्तम आहे, रंगमंचाचा अनुभव आहे, केवळ पायाची एक सवय आहे. ही शेवटची ओळ मारोतरावच घालायला लावत. "खोटं काहून लिहायचं जी," म्हणत. एका कंपनीकडून पोस्टकार्ड आलं. 'आवाज़ की ज़रूरत नहीं है, चेहरा लेकर आ जाइए.' ते कार्ड त्यांनी दोनदा वाचलं, हसले, आणि पेटी भरून गेले. न जाऊन करतात काय, एव्हाना गल्लीतले निम्मे माग मोडले होते. यंत्रमागांनी हातमागाचा जीव घेतला आणि पोरं कामठी-कन्हानकडं मिळेल त्या कामाला जायला लागली. परात्यांच्या घरचा माग मात्र म्हाताऱ्यानं मोडू दिला नाही. रोज सकाळी चाचपडत तो त्यावरची धूळ पुसायचा. "खोटं सांगून सांगून थकला का येऊन बसन," असं तो गिरजाला म्हणाला होता.

गिरजाबद्दल मी कमी लिहितेय, पण घर चालत होतं ते तिच्या रश्श्यावर. गल्लीच्या तोंडाशी तिनं खाणावळ घातली होती आणि तिच्या हातचं खायला सदर भागातले साहेब लोक रुमालानं घाम पुसत बसायचे. नवऱ्याबद्दल तिची तक्रार एकच. "नाटकात बोलते, घरात बोलते, झोपीत बोलते," ती म्हणायची. "जिथं बोलाले पाह्यजे तेथंच मुका." असं म्हणून ती पेटीत चिवड्याचा डबा ठेवायची.

रेडिओवर मारोतरावांना एकदोनदा बोलायला मिळालं, विणकरांसाठीच्या एका कार्यक्रमात. तिथं खुर्चीखाली पाय हलले तरी चालतं. विठोबाजींनी शेजारच्यांचा रेडिओ मांडीवर घेऊन ऐकलं आणि म्हणाले, "हे खरं. रेडिओत येते तो. हे मी मानतो." मग जरा थांबून म्हणाले, "सिनेमाचं तेवढं सोड म्हना आता."

गावात टीव्ही आला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत मीही एक घेतला, लाकडी पेटीतला. गल्लीत तेव्हा आम्ही जुनी चार-पाच घरंच उरलो होतो. एका दुपारी मारोतराव स्टेशनवरून थेट माझ्याकडं आले, हातातली पेटी खाली न ठेवता. एका हिंदी मालिकेत त्यांना पोस्टमास्तरचं काम मिळालं होतं. एकाच भागात, पण दोन प्रवेश. आणि पोस्टमास्तर खिडकीमागं बसलेला.

"बाई, बसून आहे जी," ते म्हणाले. "पाय कोणाले दिसत नाही. खाली त्याहीनं चटई टाकली. अन् आवाज तेथल्या तेथंच घेतला. मी तीनदा विचारलं. नंतर कोणी काही घालत नाही म्हणे."

साठीला टेकलेला माणूस माझ्या दारात उभा राहून हे सांगत होता आणि त्याचे दोन्ही पाय आळीपाळीनं दबत होते. मला रडू आलं. मी चहा ठेवायच्या निमित्तानं आत गेले.

मालिका रविवारी सकाळी लागायची. विठोबाजी तोपर्यंत फार थकले होते, जेवणसुद्धा भरवावं लागे, पण कान शाबूत होते. मारोतरावांनी आणि गिरजानं दोन्हीकडून धरून त्यांना गल्ली ओलांडून माझ्या खोलीत आणलं आणि खुर्चीत बसवलं. बोललं तर काहीतरी बिघडेल अशी आम्हा तिघांची समजूत असावी.

मग ती खिडकी दिसली आणि खिडकीमागं मारोतराव, डोळ्यांवर चष्मा, समोर शिक्का. एक बाई पत्राची चौकशी करत होती. पोस्टमास्तरनं वर पाहिलं आणि म्हणाला, "चिट्ठी आई थी, बहनजी. लेने वाला कोई नहीं था."

त्यांचाच आवाज. थोडा खरबरीत, शेवटचा शब्द जरा खाली सोडणारा, पंचवीस वर्षं मी विंगेतून आणि खिडकीतून ऐकलेला. विठोबाजींची मान तिरकी झाली. सगळा चेहरा उजळला. "मारोती हाय," ते म्हणाले. "हा मारोती हाय."

गिरजानं पदर तोंडाला लावला. मारोतराव जमिनीवर वडिलांच्या पायाशी बसले होते. त्यांनी मान वर करून त्या चेहऱ्याकडं असं पाहिलं की मी दुसरीकडं बघायला लागले.

"बाई," म्हातारा मला म्हणाला, "तुमचा रेडिओ लय साफ हाय."

मला क्षणभर समजलंच नाही. मग म्हटलं, "विठोबाजी, रेडिओ नाही हा. टीव्ही आहे. घरातला सिनेमाच समजा. मारोतराव दिसून राहिले आत."

त्यांनी हात पुढं केला. मारोतरावांनी तो धरून पेटीपर्यंत नेला. म्हाताऱ्याची बोटं लाकडावरून फिरली, खुंटीवर थांबली, आवाज येत होता त्या जाळीवर गेली, काचेवर गेली. कापडातला तुटका धागा शोधायचे तशी सावकाश, सगळीकडं. मग हात मागं आला.

"रेडिओच हाय," ते म्हणाले.

"बा, काच लागली नं हाताले? त्या काचीत दिसते."

"तुमाले दिसते." आवाजात राग नव्हता, शीण होता. "मारोत्या, रेडिओत तं तू पहिलेही बोलला होता. ते मी मानलं. मंग आता त्याले सिनेमा काहून म्हणतं? मी काय नाही म्हटलं होतं रेडिओले?"

मी तोंड उघडलं. मला ओरडून सांगायचं होतं, पुन्हा एकदा, पहिल्यापासून. मारोतरावांनी माझ्याकडं पाहिलं नाही. ते वडिलांकडं बघत होते. वीस वर्षं ज्या गोष्टीसाठी हा माणूस झुरला ती खरोखर घडली होती, आणि म्हाताऱ्याच्या लेखी तिचा काहीही उपयोग नव्हता. आता आणखी एक सिनेमा मिळाला असता, दहा मिळाले असते, तरी आंधळ्या माणसाला ऐकू आलेला प्रत्येक आवाज रेडिओच असणार होता. हे आमच्यापैकी कोणाच्या आधी डोक्यात आलं नाही. मारोतरावांच्या ते त्या क्षणी आलं असावं, कारण त्यांचे खांदे खाली आले.

"हो बा," ते म्हणाले. "रेडिओच हाय."

"अन् मुंबई?"

"मुंबईले रेडिओतच जातो."

म्हाताऱ्यानं मोठा श्वास सोडला. "येवढं खरं बोलाले तुले इतके वर्ष लागले," तो म्हणाला. "जाऊ दे. मी मनात ठेवत नाही. चल, घरी ने मले."

मारोतराव त्यानंतरही सात-आठ वर्षं होते. मुंबईहून दोनदा बोलावणं आलं, गेले नाहीत. चारचौघांत सिनेमाचा विषय निघाला तर हसून दुसरं काही बोलत. पण ते मला आठवतात ते त्या रविवारी गल्ली ओलांडताना. गिरजा एका बाजूनं, ते दुसऱ्या बाजूनं. म्हाताऱ्याचा हात त्यांच्या पाठीवर होता आणि तो हात मधूनमधून थोपटत होता, चूक कबूल केलेल्या पोराला थोपटतात तसा. मारोतराव मान खाली घालून, वडिलांच्या चालीनं चालत होते. आत टीव्हीवर त्यांचा दुसरा प्रवेश सुरू झाला होता आणि तो ऐकायला खोलीत मी एकटीच होते.